खळ्यातल्या माटवाचे अकराशे फोटो: डार्कटेबल आठ महिने वापरल्यावर

मालवणात माझा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू होतो आणि मे संपेपर्यंत लग्नं, मुंजी, जत्रा, दशावतार असं काहीनाकाही चालूच असतं. एका लग्नाचे हजार-अकराशे फोटो होतात. त्यातल्या प्रत्येकाचा उजेड हाताने सारखा करत बसलो तर अल्बम गणपतीपर्यंत हातात पडायचा नाही. म्हणून ऑक्टोबरपासून डार्कटेबल हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर वापरतोय. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं.

आधी दुसरं एक अ‍ॅप होतं. त्यात हळदीचे सहाशे फोटो निवडले, ब्राइटनेस वाढवला, सेव्ह केलं. मूळ फाइलींवरच लिहिलं गेलं. सावलीतले चेहरे छान उजळले, पण उन्हात बसलेल्या बायकांच्या कपाळाचा, गालाचा तपशील पार पांढरा झाला. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या. सगळं वरच्या पायरीला जाऊन चिकटलं की नंतर स्लायडर खाली ओढून फक्त करडं होतं, चेहरा परत येत नाही. कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं, म्हणून त्या घरच्यांचे फोटो वाचले.

डार्कटेबल मूळ फाइलीला हात लावत नाही. तुम्ही केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलीत लिहून ठेवतं. यासाठी मी त्याला शंभरपैकी शंभर देईन. मात्र याचा दुसरा अर्थ नीट समजून घ्या: एक्स्पोर्ट केल्याशिवाय, म्हणजे बदलांसकट नवी फाइल काढल्याशिवाय, तुमचं काम बाहेर कुणालाच दिसत नाही. डिसेंबरात भाच्याने मूळ फोल्डरच पेनड्राइव्हवर घालून अल्बमवाल्याकडे दिला. संध्याकाळी अल्बमवाल्याचा फोन: "दादा, फोटो काळे कित्याक इले?" आता एक्स्पोर्टचा फोल्डर वेगळ्या ड्राइव्हवर असतो. आणि मूळ फोटो हलवायचे तर एक्सएमपीसकट हलवायचे.

काम करायची पद्धत सोपी आहे. एक फोटो डार्करूममध्ये (एकेक फोटो सुधारायचा पडदा) उघडायचा, एक्स्पोजर म्हणजे उजेडाचं माप जुळवायचं, मग लाईटटेबलवर (सगळे फोटो दिसतात तो पडदा) येऊन कंट्रोल-शिफ्ट-सी. यात काय काय कॉपी करायचं ते विचारतात, तिथे फक्त एक्स्पोजरवर खूण करायची. बाकीचे फोटो निवडून कंट्रोल-व्ही. नुसतं कंट्रोल-सी केलं तर रंगाचे बदलही सोबत जातात आणि माटवातला (मांडवातला) रंग देवघरातल्या फोटोंना लागतो. नेहमी लागणारी मापं मी स्टाइल म्हणून साठवून ठेवली आहेत.

पण सगळ्यांना तेच माप दिलं म्हणजे सगळे सारखे उजळ होतात असं नाही. हे कळायला मला दोन लग्नं लागली. स्लायडरवर एक ईव्ही (उजेड मोजायची पायरी) वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट. फोटो मुळात कमी-जास्त असतील तर दुप्पट करूनही तो फरक तसाच राहतो. आणि ते कमी-जास्त का होतात? कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं आहे असं धरून चालतं. चौकटीत पांढऱ्या शर्टातले पाहुणे जास्त आले की ते उजेड कमी करतं, मागे जांभ्याची भिंत आणि काळोखी पडवी आली की वाढवतं. ऊन तेच, खळं (अंगण) तेच, पण लागोपाठच्या दोन फोटोंत नवरीचा चेहरा वेगळा. किनाऱ्यावरच्या प्री-वेडिंगला लाटेचा फेस आणि रेती असली की हमखास काळपट येतात, तेही याच कारणाने.

याचा खरा उपाय कॅमेऱ्यातच आहे. जानेवारीपासून मी खळ्यात मॅन्युअलवर काढतो. ऊन बदलेपर्यंत शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ तेच. मग खळं, माजघर, हॉल, वरात असे चार गठ्ठे पाडायचे आणि प्रत्येक गठ्ठ्याला एक माप. अकराशे फोटोंचा उजेड दीड तासात लागतो, पूर्वी दोन रात्री जायच्या. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत, काढा हेही आलंच. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, त्यामुळे वाढवायला-उतरवायला जागा राहते. तरी अंधारातला, चढ्या आयएसओचा फोटो दोन ईव्ही उचलला की दाणे दिसतातच.

एक्स्पोजरमध्ये ऑटोमॅटिकही आहे, ते फक्त रॉवर चालतं. बंदरावरून किल्ल्याचा टाइम-लॅप्स केला तेव्हा उजेडाची फडफड त्याने सुरेख घालवली. दशावताराला मात्र वापरू नका. तिथे चौकटीचा बहुतेक भाग म्हणजे काळोख आणि मागचा पडदा. नेहमीच्या सेटिंगवर ते मधल्या टोनवरून माप काढतं आणि काळोखच उजळवत बसतं. आडदशावतारातल्या (खेळाच्या सुरुवातीच्या भागातल्या) गणपतीचा मुखवटा फटफटीत झाला, संकासूर राखाडी. ते फोटो पाहून संकासुराचं काम करणारे काका म्हणाले, "अरे, संकासूर काळोच व्हयो." बरोबर होतं त्यांचं. तो काळा झगा आणि लाल जीभ यातच सगळी भीती आहे. आता एका गणपतीवर आणि एका संकासुरावर हाताने माप ठरवतो आणि दहीकाल्यापर्यंतचे फोटो त्या दोहोंच्या मधे बसवतो. पहाट फुटायला लागली की नवा गठ्ठा.

शिकायला वेळ लागतो. पहिले पंधरा दिवस मी फक्त एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एवढंच उघडलं, बाकीच्या पट्ट्यांना हात लावला नाही. तुम्हीही तसंच करा. माझा लॅपटॉप आठ जीबी रॅमचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. नऊशे फोटो एक्स्पोर्ट व्हायला दोन तास जातात. पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून शंभर-शंभरचे हप्ते लावतो. मधेच बंद पडला तर जिथे थांबलं तिथून पुढचे शंभर लावायचे. मूळ फोटो आणि मापं दोन्ही जागच्या जागी असतात.