आयबीएम आयची स्पूल व्यवस्था : इंटरॅक्टिव्ह आणि बॅच जॉबमधील अनुभव

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात साठ्याचा व मालरवानगीचा सारा हिशेब ज्या यंत्रणेवर चालतो, तिच्या स्पूल व्यवस्थेचे, म्हणजे छापायचा मजकूर प्रिंटरकडे जाईपर्यंत साठवून ठेवणाऱ्या सोयीचे, हे परीक्षण आहे. १९८८ मध्ये एएस/४०० या नावाने आलेल्या आणि २००८ पासून आयबीएम आय म्हणवल्या जाणाऱ्या या यंत्रणेला आमच्याकडे आजही ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात.

तिचा मला सर्वाधिक भावलेला गुण असा, की आउटपुट कोठे न्यायचे हे ती जॉबचा, म्हणजे यंत्रणेवर चालणाऱ्या कामाचा, प्रकार पाहून ठरवते. ‘डिस्प्ले’ गटातील बहुतेक आज्ञांत आउटपुटच्या जागी नुसते तारांकन ठेवले, तर इंटरॅक्टिव्ह जॉबमध्ये (माणूस पडद्यासमोर बसून चालवतो त्या कामात) माहिती पडद्यावर येते आणि तीच आज्ञा बॅचमध्ये (माणसाविना पार्श्वभूमीवर चालणाऱ्या कामात) गेली की स्पूल फाइल, म्हणजे साठवलेले आउटपुट, तयार होते. बॅचला पडदाच नसल्यामुळे हा निर्णय योग्यच आहे. प्रोग्रॅमला स्वतःलाही आपण कोठे चाललो आहोत हे विचारता येते : ‘रिट्रीव्ह जॉब ॲट्रिब्यूट्स’ ही आज्ञा इंटरॅक्टिव्हसाठी १ आणि बॅचसाठी ० देते.

खरी कसोटी लागते ती छपाई दुसऱ्या आउटपुट क्यूकडे, म्हणजे स्पूल फाइलींच्या दुसऱ्या रांगेकडे, वळवताना. पडद्यासमोर बसून ‘ओव्हरराइड प्रिंटर फाइल’ (प्रिंटर फाइलमधील छपाईच्या ठरलेल्या सूचना तात्पुरत्या बदलणारी आज्ञा) दिली, महिनाअखेरचे साठापत्रक मागवले, तर ते हव्या त्या क्यूमध्ये पडते. परंतु तेच पत्रक ‘सबमिट जॉब’ या काम बॅचकडे सोपवणाऱ्या आज्ञेने पाठवले, तर तो ओव्हरराइड बॅचमध्ये जात नाही आणि कागद भांडाराऐवजी लेखा विभागाच्या प्रिंटरवर निघू शकतो. बॅच हा पूर्णपणे स्वतंत्र जॉब असल्याने हे तर्काला धरून आहे. मात्र यंत्रणा त्याबद्दल सूचनेचा एक शब्दही देत नाही, ही उणीव मी गंभीर मानतो. ‘सबमिट जॉब’मध्येच आउटपुट क्यू नमूद करणे हा सोपा उपाय आहे, पण प्रिंटर फाइलमध्ये एखादी क्यू आधीच पक्की केलेली असेल, तर जॉबच्या क्यूला कोणी विचारत नाही. त्यामुळे ओव्हरराइड आणि त्यामागोमाग प्रोग्रॅमचा कॉल, असे दोन्ही एका छोट्या सीएल (यंत्रणेच्या आज्ञांच्या भाषेतील) प्रोग्रॅममध्ये लिहून तो प्रोग्रॅमच सबमिट करावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

स्पूल फाइल जॉब संपल्यावरही क्यूमध्ये राहते, त्यामुळे रात्री चाललेल्या पत्रकाचे आकडे सकाळी छपाईपूर्वी पडद्यावर तपासता येतात. कागदाची बचत होते ती वेगळीच. आउटपुट छपाईऐवजी फाइलमध्ये घेणाऱ्यांनी मात्र ती क्यूटेम्प या तात्पुरत्या लायब्ररीमध्ये ठेवू नये, कारण प्रत्येक जॉबची क्यूटेम्प निराळी असते आणि बॅच संपताच ती आतल्या फाइलसकट नाहीशी होते.