चिपळूणचे वकीलसाहेब : कोर्ट मार्शल झालेल्या माजी सैनिकांनी एकदा जाऊन यावं असं ऑफिस

मी हर्णैचा. सतरा वर्षं मराठा लाइट इन्फंट्रीत काढली. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं तेव्हा मी रजेवर घरी होतो. वडिलांची होडी गेली, चुलत्याचा तीन दिवस पत्ता नव्हता. रजा संपली तरी ३८ दिवस घरीच राहिलो आणि युनिटला कळवलंही नाही. ती चूक माझीच. परत गेल्यावर समरी कोर्ट मार्शल (युनिटमध्येच थोडक्यात चालणारा फौजी खटला) झालं, ४५ दिवसांची कैद भोगली. तेवढे दिवस पेन्शनच्या सेवेतून गेले. पुढे नाईक होऊन निवृत्त झालो.

यंदा एका बँकेत सुरक्षारक्षक म्हणून निवड झाली. पडताळणीच्या फॉर्ममध्ये प्रश्न : ‘कोणत्याही न्यायालयाने आपणांस दोषी ठरवले आहे काय?’ फॉर्म भरून देणारा एजंट म्हणाला, “नाही लिहा हो, पोलिसांत काय आहे तुमचं?” मला ते पटेना. गावातल्या सुभेदारकाकांनी चिपळूणच्या या वकीलसाहेबांकडे धाडलं.

ऑफिस बाजारात, जिना चढून वर. खालच्या भिंतीवर २०२१ च्या पुराची मातकट रेघ अजून दिसते. साहेबांनी माझी कहाणी ऐकायच्या आधी कागद मागितले. शिक्षेच्या कागदावर ‘कलम ३९(बी)’ असं होतं, त्यावर बोट ठेवून म्हणाले, “रजा संपून हजर न होणं. बाहेरच्या कायद्यात हा गुन्हाच नाही. एफआयआर नाही, म्हणून ठाण्यात नोंदही नाही. पण कोर्ट मार्शल हे आर्मी अ‍ॅक्ट, १९५० खालचं कोर्ट आहे. फॉर्ममध्ये पोलीस केस विचारली नाहीये, दोषी ठरवलंय का ते विचारलंय. तेव्हा उत्तर ‘होय’.”

साहेब म्हणाले, चोरी किंवा मारहाण त्याच अ‍ॅक्टच्या कलम ६९ खाली फौजी कोर्टात चालली असती, तर गोष्ट वेगळी. तो बाहेरच्या कायद्यातलाही गुन्हा, आणि आधी एफआयआर झाला असेल तर पोलिसांकडेही सापडतो. पासपोर्टची मला उगाच धास्ती होती. तिथला कायदा गेल्या पाच वर्षांतली, नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्याची, किमान दोन वर्षं कैदेची शिक्षा बघतो. माझं त्यात काहीच बसत नाही.

माझ्या शेजारी मंडणगडचे एक हवालदार बसले होते. त्यांना शिपाई असताना कलम ८० खाली सीओसाहेबांनी (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरनी) २८ दिवसांची कैद दिली होती. तेही इतकी वर्षं ‘मला कोर्ट मार्शल झालं’ असंच धरून चालले होते. साहेबांनी दोघांचे कागद शेजारी शेजारी ठेवून दाखवले : कलम ८० म्हणजे सीओची शिस्तीची शिक्षा, ते कोर्ट नव्हे. हवालदारांनी तो कागद दोनदा वाचला, चष्मा काढून डोळे पुसले. त्यांच्याकडे बघून मलाच भरून आलं.

साहेबांनी सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकालही समजावला. पडताळणीत माहिती लपवली तर नोकरी जाऊ शकते. खरं सांगितलं तरी नोकरी द्यायची की नाही हे मालक ठरवतो, पण किरकोळ बाब असेल तर ती सोडूनही देऊ शकतो. मी ‘होय’ लिहिलं. सोबत एक पान जोडलं : तारीख, कलम, शिक्षा, त्यानंतरची बढती. मजकूर साहेबांनीच नीट करून दिला. बँकेने बोलावून कागद पाहिले. निर्णय अजून यायचा आहे.

फी बाराशे रुपये, पावतीसकट. खटकलं एवढंच की फोन उचलत नाहीत, आणि वेळ ठरवूनही मला दीड तास बसावं लागलं. हर्णैहून येणाऱ्याची परतीची एसटी त्यात चुकते, तेव्हा सकाळचीच वेळ मागा. डिस्चार्ज बुक मूळच न्या. शिक्षेचा कागद हाताशी नसेल तर आपापल्या रेकॉर्ड ऑफिसला (रेजिमेंटच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कचेरीला) आधीच अर्ज टाका. माझा बेळगावहून यायला सहा आठवडे लागले.