उभ्या द्राक्षबागेत पैसा कशावर घालावा: माती परीक्षण की देठ परीक्षण?

माझं मत आधीच सांगतो. बाग लावायची असेल तर माती तपासा. बाग उभी असेल तर दर हंगामाला पानाच्या देठातली अन्नद्रव्यं प्रयोगशाळेत तपासा आणि माती दोन-तीन वर्षांनी.

लागवडीआधी माती परीक्षणाला पर्याय नाही. सामू (पीएच), क्षारता आणि चुनखडी किती, हे कळल्याशिवाय खुंट (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम करतात ते झाड) निवडणं धोक्याचं, कारण एकदा लावलेला खुंट पुढे बदलता येत नाही. द्राक्षाची मुळं खोल जातात, म्हणून वरच्या वीतभर मातीवर थांबू नका. पहिल्या फुटाचा आणि दुसऱ्या फुटाचा नमुना वेगवेगळा पाठवा. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक मिळतात, पण मुक्त चुना (म्हणजे चुनखडीचं प्रमाण) त्यात नसतो. तो वेगळा मागून घ्यावा.

मात्र जमिनीत आहे ते वेलीला मिळतंच असं नाही, आणि उभ्या बागेत खरी अडचण इथेच येते. आपल्या काळ्या जमिनीचा अहवाल बहुधा पालाश (पोटॅश) भरपूर दाखवतो. तरीही विहिरीचं पाणी खारं असेल तर सोडियम वेलीत शिरतो, पालाश कमी पडतो आणि पानांच्या कडा करपतात. देठाच्या अहवालात पालाश आणि सोडियम शेजारी शेजारी दिसतात, तेव्हा कारण कळतं.

देठाला वेळ मात्र काटेकोर पाळावी लागते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी काडीत घडनिर्मिती चालू असते. तेव्हा पाचव्या पानाचा देठ घ्यायचा. पुढच्या हंगामाचे घड इथेच ठरतात, त्यामुळे या अहवालावर केलेली दुरुस्ती वाया जात नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ घेतात. फवारणीनंतर लगेच नमुना घेऊ नका. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) पडलेला असेल तर अहवालातलं तांबं पानावरचं आहे की पानातलं, हे कुणी सांगू शकणार नाही. नमुना कागदी पिशवीत पाठवा. प्लास्टिकमध्ये तो घामेजतो आणि कुजतो.

देठ परीक्षणही एका ठिकाणी फसतं. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडलेली असतात, पण देठात लोह पुरेसं दिसतं. प्रयोगशाळा एकूण लोह मोजते आणि त्यातलं बरंचसं पानाच्या कामाचं नसतं. अशा वेळी जमिनीचा चुना आणि पाण्यातलं बायकार्बोनेट पाहिल्याशिवाय निदान होत नाही. फेरस सल्फेट (लोहाचं खत) जमिनीत ओतत राहिलं तर चुना ते अडकवून ठेवतो. लोहाची फवारणी किंवा चिलेटेड लोह (चुन्यात सहज न अडकणाऱ्या रूपातलं) त्यापेक्षा उपयोगी पडतं.

कांदा किंवा सोयाबीन करणाऱ्यांनी देठाच्या मागे लागू नये. अहवाल येईपर्यंत पीक पुढे गेलेलं असतं. माती परीक्षणावरून उत्पादनाचं लक्ष्य धरून खताची मात्रा काढण्याची सूत्रं राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने बसवलेली आहेत. ती वापरावीत.

आणि बागायतदारांना एक विनंती. अहवाल खत वाढवण्यासाठीच वाचू नका, कमी करण्यासाठीही वाचा. वर्षानुवर्षं डीएपी हे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत पडलेल्या बागेत स्फुरद साठतो आणि वेलीला जस्त कमी पडू लागतं. मातीत स्फुरद भरपूर आणि देठातही पुरेसा आला, तर त्या हंगामात डीएपीची गोणी आणूच नये.