गावाची लोकसंख्या आणि गावची एसटी : कोल्हापूर जिल्हा जनगणना पुस्तिका

एसटीची फेरी वाढवून मागायची असो वा वाडीला रस्ता, ग्रामपंचायतीच्या अर्जात पहिली विचारणा लोकसंख्येची होते. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतही सर्वसाधारण भागासाठी किमान ५०० लोकवस्तीची अट होती. अशा कामासाठी २०११ च्या जनगणनेवर आधारलेली कोल्हापूर जिल्हा जनगणना पुस्तिका हा सर्वांत उपयोगी दस्तऐवज आहे, असे माझे मत आहे. ती इंग्रजीत असली, तरी जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते.

पुस्तिकेचे दोन भाग आहेत. लोकसंख्येच्या भागात प्रत्येक गावाची कुटुंबसंख्या, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, साक्षर, शेतकरी आणि शेतमजूर असे आकडे मिळतात. जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ असून त्यात एकट्या करवीर तालुक्यात १०,३७,७१३ माणसे राहतात, तर गगनबावडा तालुक्यात अवघी ३५,७७२. एवढी तफावत एकाच जिल्ह्यात असताना सरासरीवरून काहीच ठरवू नये, हे ही पाने चाळताना पटते.

दळणवळणाची माहिती दुसऱ्या भागात, म्हणजे ग्रामनिर्देशिकेत आहे, आणि माझा मुख्य आक्षेप तिथेच आहे. गावापुढच्या ओळीत बससेवा, रेल्वे स्थानक, पक्का रस्ता यांचे रकाने असतात. सोय असेल तर ‘आहे’ आणि नसेल तर जवळची सोय पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहाच्या दरम्यान की दहाच्या पुढे, हे एका अक्षराने सांगितलेले असते. जवळच्या शहराचे नाव आणि अंतरही दिलेले असते, ही जमेची बाजू आहे. परंतु दिवसातून एकदा गाडी येणारे गाव आणि तासातासाला गाडी मिळणारे गाव, या दोन्हींपुढे ‘आहे’ एवढेच लिहिले जाते. कोल्हापूरच्या पश्चिमेकडील गावांत खरा प्रश्न वेळेचा असतो. रात्री येऊन गावातच थांबणारी आणि पहाटे शहराकडे निघणारी मुक्कामी गाडी असेल, तर दूध, भाजी, कॉलेजची मुले आणि दवाखान्यात जाणारे म्हातारे असे सगळेच वेळेवर पोहोचतात; ती नसेल तर वडापची, म्हणजे खासगी प्रवासी जीपची, वाट पाहावी लागते, आणि जीप भरल्याशिवाय वडाप हलत नाही. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाल्यावर तर गाडी आणि वडाप यांतला फरक बायकांच्या हिशेबात थेट उतरतो.

पावसाळ्याचेही तसेच. बारमाही रस्ता आहे की नाही, एवढे निर्देशिका सांगते. मात्र कुंभी नदीचे पाणी चढले की कोल्हापूर-गगनबावडा मार्ग मांडुकली, किरवे, लोंघे या भागात बंद होतो आणि त्यापुढची गावे शहरापासून तुटतात, हे त्या रकान्यात मावत नाही. रेल्वेची बाजू थोडक्यात सांगता येते : कोल्हापूरहून लोहमार्ग पूर्वेला मिरजेकडे जातो, त्यामुळे पश्चिमेच्या तालुक्यांसाठी तो रकाना जवळजवळ रिकामाच समजावा.

वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०११ ची प्रत्यक्ष गणना फेब्रुवारीत झाली. त्या महिन्यात ऊसतोडीच्या टोळ्या जिल्ह्यात असतात आणि गावची तरुण मुले मुंबई-पुण्यात कामावर असतात. गणपतीला तीच मुले परततात तेव्हा गाड्यांवर पडणारा भार पुस्तिकेतल्या आकड्यावरून कळणार नाही.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. त्या निर्देशिकेत दिवसाच्या फेऱ्यांची संख्या आणि पहिल्या-शेवटच्या गाडीची वेळ असे दोन रकाने वाढवावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. तोवर अर्ज करणाऱ्यांनी लोकसंख्येचा आकडा या पुस्तिकेतून निःशंक घ्यावा, पण त्यासोबत गावाच्या फाट्यावर थांबणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आणि रोज पास काढून शाळेला जाणाऱ्या मुलामुलींची यादी स्वतः जोडावी.