पावती हातात, केबिन गायब: क्रूझच्या बुकिंगमध्ये जोडप्यांना गंडा कसा घातला जातो

क्रूझवर निवांत सुट्टी घालवायला निघालेल्या जोडप्याला फसवणं सोपं का जातं, याचं उत्तर तारखांमध्ये आहे. हॉटेलचे पैसे कित्येकदा तिथे पोचल्यावर दिले तरी चालतात. जहाजाचं बुकिंग मात्र वर्षभर आधी होतं आणि पूर्ण पैसे निघण्याच्या साधारण ७५ ते ९० दिवस आधी भरावे लागतात, लांबच्या सफरीला त्याहूनही आधी. एवढे महिने आपले पैसे नेमके कोणाकडे पडून आहेत हे प्रवाशाला दिसत नाही. ठगाला तेवढी फट पुरते.

नेहमीचा प्रकार असा असतो. जोडप्याला सात रात्रींची सफर आणि बाल्कनीची केबिन हवी असते. सोशल मीडियावर एका एजंटची जाहिरात दिसते, भाडं जहाज कंपनीच्या संकेतस्थळापेक्षा तीस टक्क्यांनी कमी. खरं तर इथेच हिशेब करून बघायला हवा. एजंटची कमाई कंपनीकडून मिळणाऱ्या कमिशनवर असते आणि ते साधारण १० ते १६ टक्के असतं. सगळं कमिशन सोडून दिलं तरी त्याला तीस टक्के सूट परवडत नाही. एजंटने आधीच गटासाठी केबिन घेऊन ठेवल्या असतील तर दरात थोडा फरक पडतो, पण थोडाच. बाकीचा फरक कुठून आला, हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तेवढ्यात फोन येतो: ‘मॅडम, या दरात दोनच केबिन उरल्यात, आज रात्री बारापर्यंत सांगा.’

पुढची पायरी चलाखीची आहे. एजंटला कंपनीच्या प्रणालीत केबिन एकही पैसा न भरता एक-दोन दिवस राखून ठेवता येते. राखून ठेवलेल्या केबिनलाही खराखुरा बुकिंग क्रमांक मिळतो. तो क्रमांक तो जोडप्याला देतो. जोडपं तो कंपनीच्या ॲपमध्ये टाकतं, स्वतःची नावं, जहाज, तारीख, सगळं बरोबर दिसतं, आणि विश्वास बसतो. मग पूर्ण रक्कम एजंटच्या खात्यात जाते. तो त्यातून फक्त डिपॉझिट भरतो, किंवा तेही भरत नाही. जोडप्याला मिळतो एक पीडीएफ: वर कंपनीचं बोधचिन्ह, खाली ‘पूर्ण रक्कम प्राप्त’. तो कागद कंपनीने काढलेला नसतो, एजंटने बनवलेला असतो.

अंतिम भरण्याची तारीख उलटली की कंपनीची प्रणाली बुकिंग रद्द करते. त्याआधी आठवणीचे ईमेल जातात, पण बुकिंग करताना एजंटने ईमेल आणि फोन स्वतःचा घातलेला असतो, त्यामुळे ते जोडप्यापर्यंत पोचतच नाहीत. डिपॉझिट परत मिळण्यासारखं असेल तर तेही ज्या कार्डावरून भरलं त्याच कार्डावर, म्हणजे एजंटकडेच जातं. जोडप्याला कळतं ते ऑनलाइन चेक-इन करताना किंवा बॅगांचे टॅग छापायला गेल्यावर. काहींना तर थेट बंदराच्या धक्क्यावर. आणि धक्क्यावर पैसे मोजून चढता येत नाही. जहाजावरच्या प्रत्येक माणसाचं नाव निघण्याआधी यादीत असावं लागतं, बंदरातल्या यंत्रणांना ती यादी आधीच गेलेली असते.

म्हणून बुकिंग क्रमांक दिसला एवढ्यावर समाधान मानू नये. बघायची असते ती थकबाकी. कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडा, आडनाव, क्रमांक आणि निघण्याची तारीख टाकून बुकिंग जोडा आणि तीन गोष्टी वाचा: आतापर्यंत किती रक्कम जमा झाली, किती बाकी आहे, बाकी भरण्याची शेवटची तारीख कोणती. एजंटला पूर्ण पैसे दिले असतील आणि तिथे बाकी दिसत असेल, तर ‘सिस्टीम अपडेट व्हायला पंधरा दिवस लागतात’ हे उत्तर ऐकून घेऊ नका. कार्डाने भरलेली रक्कम एक-दोन दिवसांत दिसते. एजंटमार्फत केलेल्या बुकिंगची रक्कम काही कंपन्यांत प्रवाशाच्या खात्यात दिसत नाही हेही खरं आहे. तसं असेल तर कंपनीला फोन करा. एजंटकडून झालेल्या बुकिंगमध्ये कंपनी तुमच्या सांगण्यावरून बदल करत नाही, ‘एजंटशी बोला’ म्हणते. तरी बुकिंग चालू आहे का आणि अंतिम रक्कम भरली आहे का, एवढं विचारायला हरकत नाही. फोन नंबर मात्र कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या, पत्ता स्वतः टाइप करून. सर्च केल्यावर वर येणारे ‘कस्टमर केअर’ नंबर बनावट निघतात. तिथला माणूस गोड बोलतो, बुकिंग शोधल्यासारखं करतो आणि ‘नावात चूक आहे, दुरुस्तीची फी भरावी लागेल’ म्हणून कार्डाचा तपशील काढून घेतो.

सगळ्यात पक्की खूण कार्डाच्या स्टेटमेंटवर असते. प्रामाणिक एजंट तुमच्या कार्डाचा तपशील कंपनीच्या प्रणालीत भरतो आणि स्टेटमेंटवर जहाज कंपनीचं नाव उमटतं. काही चांगल्या एजन्सी स्वतःच्या नावाने पैसे घेतात, मोठ्या टूर कंपन्याही घेतात, त्यामुळे दुसरं नाव दिसलं म्हणजे ठगच असं नाही. पण व्यक्तीच्या नावाचं खातं, वॉलेट, गिफ्ट कार्ड, क्रिप्टो, किंवा ‘कार्डाने घेतलं तर तीन टक्के जास्त, ट्रान्सफर करा’ असा आग्रह असेल, तर तिथेच व्यवहार संपवावा. ट्रान्सफर केलेला पैसा परत मागायला बँकेकडे फारसं साधन नसतं.

याच्याखाली एक मवाळ फसवणूक चालते. तिच्यात केबिन मिळते, फक्त विकलेली मिळत नाही. ‘गॅरंटी’ प्रकारच्या भाड्यात केबिनचा दर्जा ठरलेला असतो पण जागा कंपनी देईल ती. एजंट हेच भाडं घेऊन जोडप्याला डेकचा नकाशा दाखवतो आणि मधोमध असलेल्या बाल्कनीवर बोट ठेवतो. मिळते ती नाइटक्लबच्या खालची किंवा जहाजाच्या पार टोकाची, जिथे डोलणं जास्त जाणवतं. कंपनीच्या पुष्टिपत्रावर केबिन क्रमांकाऐवजी ‘जीटीवाय’ ही अक्षरं असतील, तर तुमची केबिन अजून ठरलेली नाही. खिडकीच्या केबिनमध्ये ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ लपवतात: समोर समुद्राऐवजी लाइफबोट. एजंटने कबूल केलेलं ऑनबोर्ड क्रेडिटही (जहाजावर खर्च करायला मिळणारी रक्कम) त्याच पुष्टिपत्रावर छापलेलं हवं, नाहीतर ते त्याच्याकडून लेखी घ्या, जहाजावर कोण देणार तेही लिहून. आणि डिपॉझिट परत मिळणारं की न मिळणारं, ही ओळ तर दोनदा वाचा. न मिळणाऱ्या डिपॉझिटचं भाडं स्वस्त असतं. ते घेऊन ‘कधीही रद्द करा’ असं सांगणारे बरेच. शिवाय कंपनीच्या दंडावर एजन्सीचा स्वतःचा रद्द-आकार वेगळा असू शकतो.

बुकिंग खरं असेल तर आनंदाने त्याचा स्क्रीनशॉट टाकायचा मोह होतो. तो आवरा. आडनाव आणि बुकिंग क्रमांक एवढ्यावर कित्येक कंपन्यांत कोणीही बुकिंग स्वतःच्या खात्यात ओढू शकतो. २०२४ साली अमेरिकेत एका जोडप्याच्या महागड्या स्वीटचं (आलिशान केबिनचं) बुकिंग निघण्याच्या दोनच दिवस आधी असंच परस्पर रद्द झालं. ‘निघायला इतके दिवस उरले’ अशा फेसबुकवर टाकलेल्या चित्रात बुकिंग क्रमांक दिसत होता.

फुकट क्रूझची गोष्ट जुनीच आहे, तरी चालते. ‘सर्वेक्षणात भाग घ्या, दोघांसाठी बहामाजची सफर जिंका, फक्त बंदर-कर भरा.’ २०१५ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या फसवणुकीवर कारवाई करणाऱ्या सरकारी यंत्रणेने) दहा राज्यांसह अशाच फोन मोहिमेवर खटला भरला. राजकीय सर्वेक्षणाच्या नावाखाली आधीच ध्वनिमुद्रित केलेले अब्जावधी कॉल केल्याचा आरोप होता आणि शेवटी सौदा क्रूझचा निघत होता. अशा बक्षिसांमध्ये सफर कधी कधी खरी असते, पण तिच्याबरोबर टाइमशेअरचं, म्हणजे सुट्टीच्या घरातला वर्षातल्या काही दिवसांचा हक्क विकणारं, दोन तासांचं व्याख्यान येतं. तारखा मिळत नाहीत, आणि बदलायला प्रत्येक वेळी फी. बक्षीस मिळवण्यासाठी आधी पैसे भरायला लावत असतील तर ती विक्री आहे, बक्षीस नव्हे.

कधी कधी जहाजच नसतं, आणि इथे ठगाची गरजही लागत नाही. २०२३ साली इस्तंबूलहून निघणारी तीन वर्षांची जगप्रदक्षिणा जाहीर झाली. लोकांनी घरं सोडली, सामान विकलं, आणि निघण्याच्या सुमाराला कळलं की ठरवलेलं जहाज आयोजकांना विकत घेताच आलेलं नाही. परतावा हप्त्यांत देण्याचं आश्वासन मिळालं. नव्या, अपरिचित कंपनीची सफर घेताना जहाजाचं नाव आणि सात अंकी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक मागा. जहाजाचं नाव आणि मालक बदलले तरी हा क्रमांक बदलत नाही, आणि त्यावरून आज ते कोणाच्या नावावर आहे हे शोधता येतं. निघायच्या बंदराच्या वेळापत्रकात त्या दिवशी ते जहाज आहे का तेही बघा. अमेरिकी बंदरांतून ५० किंवा जास्त प्रवासी नेणाऱ्या जहाजांच्या चालकांना सफर न झाल्यास परतावा देण्याची आर्थिक हमी फेडरल मेरिटाइम कमिशन या तिथल्या सरकारी यंत्रणेकडे दाखवावी लागते. इतरत्र नियम वेगळे आहेत, म्हणून पैसे कोणत्या हमीखाली ठेवले जातात हा प्रश्न लेखी विचारावा.

जहाजावर चढल्यावर जे चालतं ते बहुतेक कायदेशीर असतं, त्यामुळे त्याला फसवणूक म्हणावं की नाही यावर वाद होईल. खिसा मात्र तसाच हलका होतो. जाहिरातीतलं भाडं माणशी, तेही दोघं एका केबिनमध्ये धरून. बंदर-कर काही ठिकाणी वर वेगळे. मोठ्या अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर टिप रोज माणशी १६ ते २० डॉलरच्या आसपास आपोआप खात्यात चढते, म्हणजे दोघांना सात रात्रींचे २२४ ते २८० डॉलर. पेयांचं पॅकेज एकालाच हवं असलं तरी बऱ्याच कंपन्या केबिनमधल्या दोघाही प्रौढांना घ्यायला लावतात आणि वर १८ ते २० टक्के सेवा-आकार. फोन समुद्रात जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला आपणहून जोडला जातो आणि त्याचे दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत. धक्का सोडण्याआधीच एअरप्लेन मोड लावा, हवं तर त्यावर वायफाय चालू करा. शॅम्पेन पाजून होणारा चित्रांचा लिलाव, ‘मोफत’ पाय-तपासणीनंतर स्पामध्ये विकले जाणारे बुटांचे महागडे इनसोल, बंदरावरचं ‘शिफारस केलेलं’ दागिन्यांचं दुकान: शिफारशीमागे दुकानाने मोजलेले पैसे असतात, रत्नाचा दर्जा नव्हे. अशा ठिकाणी महागाची वस्तू घेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत.

किनाऱ्यावरची सहल बाहेरून घेतली तर स्वस्त पडते आणि बहुधा चांगलीही असते. फक्त ‘जहाज तुमच्यासाठी थांबेल’ ही थाप आहे. कंपनीच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर ते सहसा थांबतं, बाहेरच्यांसाठी थांबत नाही. परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे असते, ते स्थानिक वेळेपेक्षा तासभर पुढेमागे असू शकतं.

शेवटच्या संध्याकाळी खात्याचा उतारा मागून ओळ न् ओळ तपासा. न घेतलेलं पेय, दोनदा लागलेली टिप, दुसऱ्या केबिनचं बिल, हे सगळं त्या रात्री काउंटरवर दहा मिनिटांत निस्तरतं. घरी पोचल्यावर त्याच कामाला आठवडे लागतात.

बुकिंगमध्ये गंडा बसलाच, तर क्रम महत्त्वाचा आहे. आधी जहाज कंपनीकडून ‘या क्रमांकाचं बुकिंग अमुक तारखेला रद्द झालं’ किंवा ‘असं बुकिंग नाही’ हे ईमेलवर घ्या. मग एजंटला एकदाच, लेखी, मुदत देऊन पैसे मागा. भांडू नका, धमकावू नका, फक्त कागद तयार करा. त्यानंतर कार्ड देणाऱ्या बँकेत ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाने चार्जबॅक, म्हणजे कार्डाने दिलेले पैसे परत मिळवण्याचा दावा, टाका. ‘व्हिसा’ कार्डांच्या नियमांत मुदत साधारणपणे सेवा मिळायची होती त्या तारखेपासून १२० दिवस असते, पण मूळ व्यवहारापासून ५४० दिवसांच्या आत. म्हणून वर्षभरापूर्वी भरलेले पैसेही हातचे गेले असं समजू नका. ‘तुम्ही स्वतः ओटीपी दिला होता’ असं सांगून बँकेचा कर्मचारी परतवू पाहील. ओटीपीचा संबंध व्यवहार तुम्हीच केला का याच्याशी आहे, सेवा मिळाली का याच्याशी नाही. म्हणूनच ‘मी व्यवहार केलाच नाही’ असं अर्जात चुकूनही लिहू नये, त्यानेच दावा पडतो. पैसे ट्रान्सफरने गेले असतील तर त्याच तासात बँक आणि सायबर पोलीस, दोघांनाही कळवा. समोरच्या खात्यातून रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता आली तरच ती हाती लागते.

तक्रार जाहीरपणे टाकली की काही दिवसांत एखादा ‘रिकव्हरी एजंट’ संपर्क करतो: तुमचे पैसे सापडलेत, सोडवायची फी भरा. तुमचं नाव त्याला कित्येकदा पहिल्या ठगाकडूनच विकत घेतलेल्या यादीतून मिळालेलं असतं.