गाळात रुतलेले 3,348 रुपये

भिगवणच्या बाजूला उजनीचं पाणी ओसरलं की काठावर नुसता काळा गाळ उरतो. साध्या कॅम्पिंगच्या खुर्चीचे बारीक पाय त्यात वीतभर रुततात आणि उतारावर माणूस पाण्याकडे कलतो. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, उकिडवं बसणं बंद. म्हणून चारही पाय वेगवेगळे खालीवर होणारी, पायांखाली पसरट चकत्या असलेली खुर्ची हवी होती. गळ टाकून पाच-पाच तास बसायचं तर ती चैन नव्हे, गरज आहे.

फोनवर जाहिरात आली ती नेमकी तशाच खुर्चीची. वजन 5.8 किलो, 150 किलो पेलणारी, किंमत 2,999, पैसे घरी माल आल्यावर. मी कुणालाही आगाऊ पैसे देत नसे, तोवर कधी दिलेले नव्हते. पैसे दारात द्यायचे म्हणजे धोका नाही, असंच मी धरून चाललो. पण खोका उघडण्याआधीच पैसे जाणार असतील तर त्या सोयीला काडीचा अर्थ नाही, हे लक्षात ठेवा.

पार्सल आलं. मी ते एका हाताने उचललं. लेबलवर वजन छापलेलं होतं: 1.1 किलो. मी ते वाचलं! वाचून मनात म्हटलं, ॲल्युमिनियमची असेल. 5.8 किलोची खुर्ची 1.1 किलोची कशी होईल, एवढा साधा हिशेब त्या क्षणी सुचला नाही. पार्सल आणणारा पोरगा घाई करत होता, आधी पैसे मग खोका म्हणाला, मी दिले. तिथेच पार्सल परत करायला हवं होतं. रात्री झोपताना अजून तो आकडा डोळ्यांपुढे येतो.

आत निघालं तीन पायांचं कापडी स्टूल. बसलो तर शिवण उसवली.

साइटवर पत्ता नाही, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नाही, फक्त व्हॉट्सॲप नंबर. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दोन्ही देणं बंधनकारक आहे. खरेदीआधी हे बघा, मी नंतर बघितलं. त्या नंबरवरून उत्तर आलं, परत न्यायचे 349 रुपये पाठवा. पाठवले. मूर्खपणा म्हणा, पण 2,999 अडकलेले असताना माणूस 349 चा विचार करत नाही. युपीआयवर कंपनीऐवजी कुणा माणसाचं नाव आलं होतं. तासाभरात नंबर ब्लॉक.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे, तीन हजारांसाठी कशाला आलात? मग म्हणे, माल मिळालाय ना, मग ही फसवणूक नाही, ग्राहक मंचात जा. ग्राहक मंचासाठी विक्रेत्याचा पत्ता लागतो, तो कुठून आणू? लेबलवरचा पत्ता कुरिअरच्या गोदामाचा. कुरिअरवाले म्हणतात आम्ही फक्त पोचवतो. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकलात. चार ठिकाणी सहा फेऱ्या, दुखऱ्या गुडघ्याने, आणि दर ठिकाणी पुन्हा पहिल्यापासून अर्ज. माझ्यासारखे किती जण रक्कम लहान म्हणून गप्प बसत असतील! त्या चोरांचा धंदा त्यावरच चालतो.

पैसे गेले तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, मी नऊ दिवस घालवले. खोका उघडताना व्हिडिओ काढा. लेबल फाडू नका. आणि गाळावर बसायची खुर्ची दुकानात जाऊन, स्वतः बसून, पायांच्या चकत्या हाताने फिरवून घ्या.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तोच, नाव वेगळं, किंमत 1,999.