सुट्टीत आर्ट कॅम्प की शिवणाचा कॅम्प? आमच्या घरी दोन्ही झाले, त्यावरून

माझी मुलगी नऊ वर्षांची, जाऊबाईंचा मुलगा तेरा पूर्ण, आणि गेल्या दोन उन्हाळ्यांत दोघांचे मिळून आर्ट कॅम्पही झाले आणि शिवणाचाही, त्यामुळे ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगते, मूल दहाच्या आतलं असेल तर आर्ट कॅम्प, अकरा-बाराच्या पुढचं असेल तर बिनधास्त शिवण.

आर्ट कॅम्पमध्ये रोज नवीन काहीतरी असतं, आज माती, उद्या ओरिगामी, परवा टाय अँड डाय. लहान पोरांना हे फार मानवतं कारण आपल्याला काय आवडतं हेच त्यांना अजून माहीत नसतं. आमच्या लेकीला वारलीच्या दिवशी ते कळलं. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस होतो, एवढंच शिकून आली आणि घरी आल्यावर खरे वारली लोक कशाने काढतात म्हणून मागे लागली. मग तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं, काडीचं टोक ठेचून ब्रश केला आणि जुन्या माठावर सुरू. आधी काही दिसेचना, ओलं असताना ते पीठ पारदर्शक दिसतं ना, ती रडवेली झाली, आणि दहा मिनिटांनी वाळल्यावर एकेक माणूस पांढराशुभ्र वर आला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता! जिव्या सोमा मशे यांना याच कलेसाठी 2011 साली पद्मश्री मिळाली हे तिला सांगितलं, तर आता शाळेत सगळ्यांना तीच सांगत असते.

पण खोलात काहीच जात नाही ही आर्ट कॅम्पची मर्यादा आहे. दीड तासात एक वस्तू संपवायची म्हणून घाई होते, आणि त्या घाईत काही ठिकाणी ताईच काम उरकून देतात. पहिल्या वर्षी आम्ही जिथे घातलं होतं तिथून लेकीने इतका सुबक कॅनव्हास आणला की मला शंका आली, विचारलं तर म्हणाली, "आकाश मी केलं, बाकी ताईंनी." मला खरंच वाईट वाटलं. तेव्हापासून कुठेही चौकशीला गेले की मागच्या वर्षीची मुलांची कामं दाखवा म्हणते, आणि सगळीच छान छान दिसली तर तिथे घालत नाही. वाकडी रेघ दिसली पाहिजे.

शिवणाचं गणित वेगळं आहे. पुतण्याच्या कॅम्पमध्ये पहिले दोन दिवस दोराच नव्हता. मशीनला नुसती सुई, आणि वहीचा एकरेघी कागद घालून रेघेवरून टीप मारायची, म्हणजे कागदावर भोकांची ओळ उमटते आणि आपण कुठे भरकटलो ते लगेच कळतं. पायाचं मशीन होतं, चाक उलटं फिरलं की दोरा गुंततो, म्हणून पायाची लय आधी बसवून घेतली. तिसऱ्या दिवशी मांजरपाट, म्हणजे साधं जाडसर सुती कापड, आला, तोही भिजवून वाळवलेला, नाहीतर शिवल्यावर आटतो. माया म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, ती का सोडायची, हे त्याला पाऊच उलटल्यावर कळलं, कारण पहिल्या पाऊचला माया इतकी कमी होती की कोपरा उसवूनच आला. सगळं उसवून परत शिवला त्याने. दहा दिवसांत चेनचा पाऊच आणि एक कापडी पिशवी एवढंच झालं, पण ते दोन्ही पूर्ण त्याच्या हातचं आहे आणि आता शाळेच्या पँटची खालची शिवण सुटली तर आईला हाक मारत नाही.

मुलगा आहे, शिवण कशाला, असं आमच्याकडेही एक-दोघं म्हणाले. अहो, आपल्या पुण्यात लक्ष्मी रोडवर जाऊन बघा, मशीनवर बसलेले बहुतेक पुरुषच दिसतील, आणि नामदेव महाराज शिंपीच होते की.

शिवणाला घालताना किती मुलांमागे किती मशीन हे विचाराच, एका ठिकाणी बारा मुलांना दोन मशीन होती, आम्ही तिथूनच परत फिरलो. दोघांत एक चालतं. मूल डावखुरं असेल तर त्याची कात्री वेगळी लागते, तेही आधीच बोला. आणि घरी मशीन आहे का? आजीचं माळ्यावर पडलेलं असेल तरी तेल-पाणी करून काढा, कारण सरावाशिवाय महिन्याभरात सगळं विसरतात. घरी मशीनच नसेल तर हातशिलाईचा कॅम्प बघा, धावदोरा, साखळी टाका, छोटी गोधडी, हे आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही मस्त जमतं.

आठवी-नववीतल्या ज्यांना एलिमेंटरी-इंटरमिजिएट ही सरकारी चित्रकलेची परीक्षा द्यायची आहे त्यांनी मात्र यातलं काहीच करू नका, सरळ ड्रॉइंगच्या क्लासला जा, स्मरणचित्र, स्थिरचित्र, संकल्पचित्र हे कॅम्पमध्ये होत नाही.

खर्चाचं म्हणाल तर फीवर जाऊ नका, सामान धरून आहे का ते विचारा. रंग-कागद अप्पा बळवंत चौकात, चेन-लेस-बटणं तुळशीबागेत नाहीतर रविवार पेठेत, आणि सरावाला कातरणं आपल्या नेहमीच्या टेलरकडे मागितली तर पिशवीभर देतो. कापडाची कात्री फक्त कापडालाच ठेवा, कागद कापला की धार जाते.

बॅच सकाळचीच घ्या, मे महिन्यात अकरानंतर पोरांना बाहेर काढवत नाही. आम्ही यंदा लेकीला हातशिलाईला घालतोय, आणि पुतण्या तिच्यासाठी जुन्या परकराची पिशवी शिवतोय, दोरा-सुई ठेवायला, आतून कप्पा असलेली.